डॉक्टर, नवीन रिसर्च आलाय म्हणे : ओपीडीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपती झाले की माझ्या ओपीडीत एक वेगळाच सीझन सुरू होतो. चाकरमानी मुंबईहून येतात, आरत्या-बिरत्या झाल्या की आईबाबांची गोळ्यांची पिशवी उपसतात, मोबाईलवर कुठलीतरी रील दाखवतात आणि गाडी पकडून परत जातात, नि आठ दिवसांनी आई माझ्यासमोर बसून विचारते की ही गोळी रात्री घ्यायची होती काय ओ, झिल (मुलगा) म्हणता नवीन रिसर्च इलो. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मेडिसिनची प्रॅक्टिस करतो आणि दरवर्षी तीच दहा-बारा उत्तरं देऊन घसा बसतो, म्हणून यंदा टाईप करून ठेवली. हे वाचून कुणी आपापल्या गोळ्या बदलू नका, आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला.

रिसर्च आला म्हणजे नेमकं काय आलं? खरं-खोटं आम्ही कसं ओळखायचं?

तीन गोष्टी विचारायच्या. कोणावर केलं, कशाशी तुलना केली, आणि शंभरातल्या किती जणांना फरक पडला. रीलमध्ये या तिन्ही गोष्टी नसतात, फक्त "धोका २५ टक्क्यांनी कमी" एवढंच असतं.

आता हा २५ टक्क्यांचा आकडा खराच आहे, अमेरिकेतल्या स्प्रिंट नावाच्या बीपीच्या अभ्यासातला, २०१५ चा. पण आत बघितलं तर काय दिसतं, बीपी नेहमीसारखं ठेवलेल्या गटात वर्षाला शंभरातल्या साधारण २.१९ जणांना हार्ट अटॅक, स्ट्रोक, हार्ट फेल्युअर (हृदयाचं पंपिंग कमी पडणं) असं काहीतरी झालं, आणि बीपी जास्त उतरवलेल्या गटात १.६५ जणांना. म्हणजे सव्वातीन वर्षं ६१ माणसांना जास्त गोळ्या दिल्या तेव्हा एकाचा त्रास टळला. हे वाईट नाही हं, बीपीच्या दुनियेत हा चांगला आकडा आहे, पण "२५ टक्के" ऐकून जे डोक्यात येतं ते हे नव्हे.

आणि तुलना म्हणजे चिठ्ठ्या टाकून केलेली तुलना. कुणाला कुठली गोळी मिळणार हे ना डॉक्टर ठरवत ना पेशंट, चिठ्ठी ठरवते. का, तर आपणहून औषध नीट घेणारा माणूस मुळातच पथ्य पाळणारा, रोज चालणारा असतो, मग तो बरा राहिला तर श्रेय गोळीचं की चालण्याचं हे कळणारच नाही.

मग माझं बीपी १२० च्या खाली पाहिजे का?

स्प्रिंटमध्ये ९,३६१ माणसं होती, सगळी पन्नाशीच्या पुढची, हृदयाचा धोका जास्त असलेली, पण डायबेटीस किंवा आधी स्ट्रोक झालेले त्यात घेतलेच नव्हते. वरचं बीपी १२० च्या खाली आणलेल्यांमध्ये मृत्यूसुद्धा कमी झाले. त्याचबरोबर चक्कर येऊन पडणं, बीपी फारच खाली जाणं, किडनीला तात्पुरता मार बसणं हेही त्याच गटात जास्त झालं, आणि ही दुसरी बाजू रीलवाले कापून टाकतात. पुढे २०२४ मध्ये चीनमधून डायबेटीसवाल्यांवरचा मोठा अभ्यास आला, १२,८२१ लोकांचा, त्यातही १२० च्या खालचं टार्गेट फायद्याचं निघालं, तेव्हा आता डायबेटीसवाल्यांसाठीही हा विचार करायला हरकत नाही.

पण मला जास्त सतावते ती वेगळीच गोष्ट. स्प्रिंटमध्ये माणसाला खुर्चीत पाच मिनिटं शांत बसवून मशीनने तीनदा बीपी घेत होते. आमच्याकडे आबा पाखाडी चढून, एसटीत उभं राहून, छत्री झटकत आत येतात आणि बूड टेकायच्या आत हाताला पट्टा बांधला जातो, मग १६० दिसतं, मग गोळी वाढते, मग रात्री लघवीला उठून मागच्या पडवीत जाताना आबा पडतात आणि खुब्याचं हाड मोडतं. अभ्यासातलं १२० आणि आपल्याकडचं १२० एक नाही. आधी बसवा, पाच मिनिटं गप्पा नकोत, पाठ टेकलेली, हात टेबलावर, मग मोजा. घरी मशीन असेल तर सात दिवसांची वही लिहून आणा, मला ती वही माझ्या स्वतःच्या मोजण्यापेक्षा जास्त कामाची वाटते.

बीपीची गोळी रात्री घेतली तर जास्त गुण येतो, खरं का?

नाही. ब्रिटनमध्ये २१,१०४ लोकांवर पाच वर्षांच्या वर हेच तपासलं, सकाळी विरुद्ध रात्री, निकाल २०२२ मध्ये आला, हार्ट अटॅक-स्ट्रोकमध्ये काही फरक नाही. जेव्हा आठवण राहते तेव्हा घ्या. लघवी जास्त होणारी गोळी असेल तर सकाळीच, कारण वर सांगितलं, पडवी.

ते लो सोडियमचं मीठ घेऊ का?

हा माझा आवडता विषय, थोडं लांबेल.

चीनच्या ग्रामीण भागात ६०० गावं घेतली, २०,९९५ माणसं, एकतर आधी स्ट्रोक झालेली किंवा साठीच्या पुढची नि बीपी असलेली. निम्म्या गावांना नेहमीचं मीठ, निम्म्यांना असं मीठ ज्यात चौथा हिस्सा सोडियमऐवजी पोटॅशियम क्लोराईड. जवळजवळ पाच वर्षं. २०२१ मध्ये निकाल आला, स्ट्रोक १४ टक्क्यांनी कमी, मृत्यू १२ टक्क्यांनी कमी. नुसतं मिठाचं पाकीट बदलून! जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२५ च्या सुरुवातीला असं मीठ वापरायचा सल्ला दिला.

मग कोकणात का नको? हवंच, पण दोन अडचणी आहेत. पहिली म्हणजे त्या अभ्यासात किडनीचा गंभीर आजार असलेल्यांना घेतलं नव्हतं. किडनी कमजोर असेल किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन ह्या बीपी-हृदयाच्या गोळ्यांतलं काही चालू असेल तर पोटॅशियम आधीच चढतं, त्यावर हे मीठ आणि वर रोज एक शहाळं झालं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. मागे एका काकूंचं पोटॅशियम चढलेलं बघून मी गोळ्यांची पिशवी तीनदा तपासली, काही सापडेना, शेवटी सुनेने सांगितलं की मुंबईच्या नणंदेने "हेल्दी मीठ" आणून दिलंय आणि काकू ते आमसुलाच्या सारात दोनदा घालतात कारण खारट लागत नाही. ते पाकीट मी स्वतः बघितलं, मागे बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. तेव्हा रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि पोटॅशियम एकदा तपासा, मग ठरवा.

दुसरी अडचण बरणीची. चीनच्या त्या गावांत बहुतेक मीठ घरातली बाई स्वयंपाकात हाताने घालते, म्हणून पाकीट बदललं की काम झालं. आपल्याकडेही घालते, पण त्याशिवाय आगळ (कोकमाचा खारवलेला रस), खारातली कैरी, सुका बांगडा, सुकट, पापड, मिरगुंडं, सांडगी मिरची. आगळाची बाटली तर निम्मी मिठावरच टिकते, आणि "मी तर जेवणात वरून मीठ घेतच नाय" म्हणणारा माणूस रोज सोलकढी पितो. दिवसाचं एकूण मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक लहान चमचा, त्यातला अर्धा चमचा पावसाळ्यात सुक्या बांगड्याच्या एका तुकड्यातच संपत असावा असा माझा अंदाज. आगळाऐवजी मीठ न घातलेली आमसुलं भिजवून कढी करा, चव थोडी वेगळी लागते, सवय होते. मला झाली. बायकोला अजून नाही.

नारळ बंद करू का?

२०२० मध्ये १६ अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा खोबरेल तेलाने वाईट कोलेस्टेरॉल म्हणजे एलडीएल, सूर्यफूल-सोयाबीनसारख्या तेलांच्या तुलनेत साधारण १० मिलिग्रॅमने (दर डेसिलिटरला) वाढतं असं निघालं. दुसरीकडे केरळात हृदयरोगाच्या २०० पेशंटना, जे कोलेस्टेरॉलची गोळी घेतच होते, दोन वर्षं खोबरेल किंवा सूर्यफूल तेलात जेवायला घातलं, फारसा फरक दिसला नाही, पण २०० ही संख्या असल्या गोष्टीला लहान. माझं मत, तळायला खोबरेल वापरत असाल तर बदला. वाटपातला ओला नारळ हे तेल नव्हे, तो मी कुणाचा बंद करत नाही, फक्त चार जणांच्या आमटीला अख्खा नारळ नको.

कोलेस्टेरॉलच्या गोळीने अंग दुखतं, बंद केली तर चालेल?

ह्या प्रश्नावर एक इतका सुंदर प्रयोग झालाय की ऐकाच. लंडनमध्ये ६० माणसं घेतली, सगळी अशी की स्टॅटिनचा, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या गोळीचा, त्रास होतो म्हणून आधी गोळी सोडलेली. प्रत्येकाला वर्षभराच्या बारा बाटल्या दिल्या, चार महिने खरी गोळी, चार महिने नुसती खोटी गोळी (आत औषधच नाही अशी), चार महिने रिकामी बाटली, क्रम चिठ्ठी टाकून. रोज मोबाईलवर त्रासाला शंभरपैकी मार्क द्यायचे. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत सरासरी ८, खऱ्या गोळीला १६.३, आणि खोट्या गोळीला १५.४! म्हणजे त्रास खरा होता, अंग खरंच दुखत होतं, पण त्यातला ९० टक्के भाग गोळी "घेतली" ह्याचा होता, गोळीतल्या औषधाचा नव्हे. स्वतःचे आकडे बघून निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली.

याचा अर्थ तुम्ही नाटक करताय असा नाही, हे मी मुद्दाम लिहितोय कारण घरचे लगेच तसं बोलायला लागतात. स्नायूंना खराखुरा त्रास होणारे थोडे लोक असतातच, त्यांची रक्ततपासणी करतो, गोळी बदलतो. लघवी कोकमाच्या सरबतासारखी झाली तर मात्र थांबायचं आणि लगेच यायचं.

रक्त पातळ राहावं म्हणून ऍस्पिरिन घेतलेलं बरं ना?

अटॅक, स्ट्रोक, स्टेंट यातलं काही झालेलं असेल तर चालू ठेवा, डॉक्टरला विचारल्याशिवाय एक दिवसही चुकवू नका. काहीच झालेलं नसेल आणि सत्तरी गाठली असेल तर नव्याने सुरू करू नका. १९,११४ निरोगी ज्येष्ठांवरचा ऑस्ट्रेलिया-अमेरिकेचा अभ्यास २०१८ मध्ये आला, धडधाकट जगण्याची वर्षं वाढली नाहीत, मोठा रक्तस्राव मात्र २.८ वरून ३.८ टक्क्यांवर गेला.

मला शुगर नाही, तरी हार्टच्या डॉक्टरांनी शुगरची गोळी लिहिलीय. चुकलेत का?

नाही चुकले. गोष्ट अशी, की शुगरच्या एका जुन्या गोळीबद्दल हृदयाला धोका असल्याची शंका आली म्हणून अमेरिकेच्या औषध खात्याने २००८ मध्ये नियम आणला, शुगरचं नवीन औषध काढाल तर ते हृदयाला अपाय करत नाही हे दाखवा. कंपन्या अपाय नाही हे दाखवायला गेल्या आणि हाती भलतंच लागलं. एम्पाग्लिफ्लोझिन ह्या शुगरच्या नव्या गोळीच्या अभ्यासात, ७,०२० डायबेटीसवाले, २०१५, हृदयविकाराने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी. मग प्रश्न आला की शुगर नसलेल्यांना? त्याच जातीचं डापाग्लिफ्लोझिन २०१९ मध्ये हार्ट फेल्युअरच्या ४,७४४ लोकांना दिलं, शुगर असो नसो दोघांनाही गुण. पुढच्या वर्षी किडनीतही तेच दिसलं. माझ्या प्रॅक्टिसच्या काळात एवढी मोठी उलथापालथ दुसऱ्या कुठल्या गोळीने केलेली मला आठवत नाही.

ही गोळी साखर लघवीवाटे बाहेर टाकते, त्याबरोबर थोडं मीठ-पाणीही जातं. म्हणून लघवीच्या जागी खाज, बुरशी होऊ शकते, बायका हे सांगायला लाजतात आणि गुपचूप गोळी बंद करतात, तसं करू नका, साधी क्रीम लावून बरं होतं. उलट्या-जुलाब, कडक उपवास, ऑपरेशन असेल तेव्हा गोळी थांबवायची, नाहीतर शुगर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात आम्ल चढू शकतं. श्रावणात तर मी हे प्रिस्क्रिप्शनवर लाल पेनाने लिहितो. पेटंट संपल्यामुळे, डापाचं २०२० मध्ये नि एम्पाचं २०२५ मध्ये, किमती बऱ्याच उतरल्यात, जुन्या किमतीला घाबरून नको म्हणू नका.

आणि शुगर नाही असं म्हणताय तर एकदा तपासून खात्री करा, आपल्याच किनाऱ्यावरच्या गोव्यात २०२३ च्या आयसीएमआरच्या सर्व्हेत २६.४ टक्के प्रौढांना डायबेटीस निघालाय, देशात सगळ्यात जास्त, आणि बांद्याच्या, म्हणजे गोव्याच्या हद्दीच्या, पुढे काय नि अलीकडे काय, जेवण तेच.

वजन उतरवायचं इंजेक्शन?

उतरवतं. सेमाग्लुटाईडने ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन गेलं, खोट्या इंजेक्शनवर २.४ टक्के. पण बंद केल्यावर वर्षभरात गेलेल्यातलं दोन तृतीयांश परत आलं. लग्नाच्या सीझनपुरतं घेणाऱ्यांनी हे शेवटचं वाक्य दोनदा वाचा.

भाताच्या कामात ताप आला तर?

मळ्यात चिखलात उतरलेल्या माणसाला ताप आणि पोटऱ्या दुखणं म्हणजे माझ्या डोक्यात आधी लेप्टो (उंदराच्या लघवीतून चिखलपाण्यात पसरणारा ताप), मग डेंग्यू-मलेरिया. आठवड्याला डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक घेण्याचा जुना अभ्यास अंदमानचा आहे, त्यात जंतू शिरायचं काही थांबलं नाही पण आजारी पडणाऱ्यांचं प्रमाण साधारण निम्म्यावर आलं. म्हणून आरोग्यसेविका पावसाळ्यात गोळी घेऊन आली तर परत पाठवू नका, ती देतेय त्यात तिचा फायदा नाही. गरोदर बायकांनी मात्र आधी सांगायचं.

नवं संशोधन आहे ते स्क्रब टायफसचं. गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने होतो, अंगावर कुठेतरी सिगरेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली असते, काखेत, जांघेत, स्तनाखाली, म्हणजे जिथे कुणी बघत नाही नेमकं तिथे. भारतातल्या सात हॉस्पिटलांनी मिळून ७९४ गंभीर पेशंटवर तपासलं, डॉक्सी एकटं, ऍझिथ्रो (दुसरं अँटिबायोटिक) एकटं, की दोन्ही एकत्र, शिरेतून. २०२३ चा निकाल. मृत्यू, न सुटलेली गुंतागुंत किंवा न उतरलेला ताप असं सगळं धरून एकट्या औषधावर ४७-४८ टक्के लोकांचं बिनसलं, दोन्हीवर ३३ टक्के. आपल्याच लोकांनी आपल्याच आजारावर केलेलं काम. तेव्हा तपासायला आलात की लाजू नका, मी खपली शोधायला कपडे काढायला सांगतो ते ह्यासाठी.

घरात टीबी आहे, बाकीच्यांना गोळ्या देऊ का?

त्या आरोग्य केंद्रातून मिळतातच, पण आणखी एक गोष्ट सांगतो. झारखंडमध्ये टीबी पेशंटच्या घरच्या १०,३४५ माणसांवर अभ्यास झाला. निम्म्या घरांत सगळ्या माणसांना महिन्याला माणशी ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वाची गोळी. बस. घरात नवीन टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. डाळ-तांदूळ! औषध म्हणून पेशंटला गोळ्या आणि दूध-अंडं, आणि घरातली सून उरलंसुरलं खाणार, तर टीबी पुढे तिलाच धरतो.

इंगळी चावली तर काय करायचं?

हे मुद्दाम शेवटाकडे ठेवलं कारण ह्याचं संशोधन बोस्टन-लंडनहून आलेलं नाही, महाडहून गेलेलं आहे.

डॉ. हिंमतराव बावस्कर सत्तरच्या दशकात महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. लाल विंचू चावलेला माणूस आला की थंडगार हातपाय, घामाने ओला, बीपी वर, आणि काही तासांत तोंडातून गुलाबी फेस, संपलं. गंभीर झालेल्यांतले शंभरात तीसेक जायचे. डॉक्टर खाटेशेजारी रात्ररात्र बसून लिहीत गेले, घाम कधी आला, नाडी किती, उलटी कधी. त्यातून कळलं की विषाने नसांमधून ऍड्रेनालिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय त्या दाबाखाली दमतं. मग ह्या आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी पाहिजे, आणि ती होती, प्राझोसिन, साधी बीपीची. लॅन्सेटमध्ये हे ऐंशीच्या दशकात छापून आलं. दगावणाऱ्यांचं प्रमाण शंभरात एखाद-दोनावर आलं. २०११ मध्ये त्यांनी महाडलाच ७० पेशंटवर चिठ्ठ्या टाकून पुढची पायरी तपासली, नुसतं प्राझोसिन की सोबत विंचवाची लस (विषावरचा उतारा), तर दहा तासांत पूर्ण बरे झाले लस घेतलेल्यांतले ९१ टक्के आणि नुसत्या गोळीवरचे २३ टक्के. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

तर करायचं काय. चिऱ्याच्या गडग्यात, लाकडाच्या ढिगात, पेंढ्यात हात घातला आणि डंख बसला, तर मांत्रिक नको, ब्लेडने कापणं नको, दोरी बांधणं नको. नुसतं दुखतंय तर तेवढं घाबरायचं नाही, पण घाम फुटला, उलटी झाली, हात गार पडले, की गाडी काढा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. दवाखान्यात गोळी दिल्यावर माणसाला झोपवून ठेवायचं, उठून बसला की बीपी पडतं. लहान मूल असेल तर लक्षणांची वाटच बघू नका.

अशा अभ्यासात मला घेतलं तर? आमच्यावर प्रयोग करणार का?

परवाच एका मावशींनी विचारलं. भारतात कुठलीही चाचणी सुरू करण्याआधी सीटीआरआय ह्या सरकारी नोंदवहीत नोंदवावी लागते, २००९ पासून सक्तीचं आहे, आणि ती वेबसाईट कुणालाही फुकट बघता येते, नाव टाकायचं, कोण करतंय, कुठे, किती माणसं, सगळं दिसतं. नोंद नसेल तर सही करू नका. एथिक्स कमिटीची परवानगी लागते. संमतीचा कागद मराठीत मिळाला पाहिजे, तिथल्या तिथे अंगठा द्यायचा नाही, घरी न्यायचा, रात्री मुलाला फोनवर वाचून दाखवायचा. अभ्यासामुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाई, हा २०१९ च्या नियमांत लिहिलेला हक्क आहे. आणि मधेच नको वाटलं तर कारण न सांगता बाहेर पडता येतं, तुमचे नेहमीचे उपचार त्यामुळे थांबवता येत नाहीत.

मावशींचा पुढचा प्रश्न होता, "आणि माका खोटी गोळी गावली तर?" तर मावशी, खोटी गोळी सहसा चालू औषधाच्या जागी नाही देत, त्याच्या वर देतात. बीपीची तुमची पांढरी गोळी सहसा तशीच राहते.